चार दिवस, तिघी जणी आणि शहर कोणतं?

पत्राचा सारांश : पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या एका भगिनीने लिहिलं आहे. वय सत्तेचाळीस, खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. जानेवारीत चार दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. बहात्तर वर्षांची आई आणि अकरावीतली मुलगी, अशा तिघींनीच कुठे तरी जावं, नुसतं हॉटेलात लोळून न येता काही बघावं, ऐकावं, अशी इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात. जिने चढणं नको वाटतं. आईने अनेक वर्षं घरी बायकांचं शिवणकाम केलं. मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, वही-पेन्सिल सतत हातात. भाऊ म्हणतो जयपूर, तिथे 'पॉइंट' भरपूर. ट्रॅव्हल कंपनीने म्हैसूर सुचवलंय. आईच्या वयाकडे बघून काशीला जावं, असं लेखिकेला वाटतं. स्वतः तिने कॉलेजात असताना मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र वाचून काढले होते, म्हणून कोलकाता मनात आहे, 'पण माझं काय, मला कुठेही चालेल.' आईला विचारलं तर तीही म्हणते, 'कुठेही चालेल.' पतिराजांचं म्हणणं, जुन्या इमारती बघायला एवढा खर्च कशाला? शेवटी तिने लिहिलंय, 'आम्हाला कलेतलं, इतिहासातलं तसं काही कळत नाही. मग अशी सहल वाया तर नाही ना जाणार?'

ताई,

तुमच्या पत्रात चार शहरं आहेत. जयपूर भावाचं, म्हैसूर कंपनीचं, आणि काशी आईच्या नावाने तुम्हीच ठरवलेली. तुमचं स्वतःचं असं एकच, कोलकाता, आणि नेमकं त्याच्याबद्दल तुम्ही अर्ध्या वाक्यात आवरतं घेतलंत. त्या अर्ध्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो.

'कुठेही चालेल' हे आपल्या घरांतल्या बायकांचं ठरलेलं उत्तर आहे. आपल्यामुळे कुणाला अडचण नको, खर्च नको, कुणाचं मन मोडायला नको, एवढं सगळं त्यात असतं. काय हवंय ते मात्र नसतं. आईने ते म्हटलं आणि तुम्ही तिच्या वतीने काशी ठरवलीत. तुम्ही ते म्हटलंत आणि घरच्यांनी तुमचा विषयच मिटवला. म्हणून माझी पहिली विनंती अशी की आईला 'कुठे जायचं?' हे पुन्हा विचारूच नका. तिला कशासमोर थांबावंसं वाटतं, ते बघा.

ते बघायला गावाबाहेर जायला नको. एखाद्या रविवारी तिघी मिळून शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात जा. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा तो संग्रह आहे. अडकित्ते, दिवे, वज्री, कोरीव दारं, वाद्यं, जुनी वस्त्रं. वर जायला जिने आहेत, तेव्हा आईने एखादाच मजला बघितला तरी चालेल. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. आई कापडापाशी रेंगाळते की देवांच्या मूर्तींपाशी? मुलगी दाराच्या चौकटीचं रेखाटन करायला बसते की कंटाळून फोन काढते? आणि तुम्ही कुठे थांबता? त्या दोन तासांत जे कळेल ते 'भेट देण्यासारखी दहा ठिकाणं' अशा याद्या वाचून कळणार नाही. तुमच्यासारखेच इतर वाचकही हे करून बघू शकतात. सांगली-सोलापूरच्या घरांनाही आपापल्या गावातलं वस्तुसंग्रहालय, जुना वाडा किंवा देऊळ तेवढंच उपयोगी पडेल.

आता काशीबद्दल. वय झालं म्हणजे तीर्थयात्रा, हे आपण गृहीत धरतो. तुमच्या आईला खरोखर काशीची ओढ असेल, तर काशीसारखी काशीच. 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. घाटांवर शिंदे-भोसल्यांची नावं आहेत. मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. पण तुमच्या पत्रात आईच्या देवधर्माबद्दल एक शब्द नाही आणि शिवणकामाबद्दल तीन ओळी आहेत. शिवाय घाट म्हणजे पायऱ्या. नावेतून ते बघता येतात, पण नावेत चढण्या-उतरण्यालाही गुडघे लागतातच. आईने स्वतः तोंडाने काशी म्हटली, तर ती यात्रा वेगळी काढा, तिच्या गतीने, आणि शक्यतो भावालाही बरोबर घेऊन. आत्ता तिचं वय पुढे करून शहर ठरवू नका.

'आम्हाला कळत नाही' हे वाक्य मात्र मला मान्य नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं ब्लाऊज बेतले, तिला कापडाचा आडवा-उभा धागा, कडेचं काम, रंग पक्का की कच्चा, हे बोटांनी कळतं. ते कळणं म्हणजेच कळणं. तुम्ही शरच्चंद्र वाचलेत. म्हणजे त्या काळातलं एकत्र कुटुंब, विधवांचं जिणं, गावातलं जातीपातीचं राजकारण, हे तुम्ही त्या घरांत राहिल्यासारखं ओळखता. आर्किटेक्चरला निघालेली मुलगी तर खिडकीकडेही वेगळ्या नजरेने बघते. तुमच्याकडे तीन जाणत्या नजरा आहेत. फक्त प्रत्येकीला आपलं बघायला वेळ मिळाला पाहिजे.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. लहान सहलीसाठी शहर निवडताना तिथे बघण्यासारखं किती आहे, हे मोजू नये. बरोबरच्यांपैकी कुणाला तरी त्या शहराची आधीपासून ओढ असावी आणि त्या व्यक्तीने बाकीच्यांना तिथे न्यावं. ओढ असलेला माणूस बरोबर असला की इतरांनाही गोडी लागते. तुमच्या घरात अशी ओढ फक्त तुमच्याकडे आहे आणि ती कोलकात्याची आहे. कोलकात्याला जा.

त्यात आई आणि मुलगी उपाशी राहतील, अशी शंका तुम्हाला येईल. तसं होणार नाही. उत्तर कोलकात्यातल्या कुमारटुलीपासून सुरुवात करा. दुर्गेच्या मूर्ती घडतात ती ही वस्ती, पण काम तिथे वर्षभर चालतं आणि जानेवारीत वसंत पंचमीसाठी सरस्वतीच्या मूर्तींची लगबग असते. आपण पुणेकर गणपती बघत मोठे झालो, पण आपल्याकडे लहान मूर्ती साच्यातून येते. इथे आधी बांबूचा आणि लाकडाचा सांगाडा उभा राहतो. त्यावर भाताचा पेंढा सुतळीने असा काही आवळतात की माती लागण्याआधीच कंबर, खांदा, वळलेली मान दिसायला लागते. मग तूस मिसळलेली जाड माती, ती वाळली की नदीची मऊ माती. वाळताना भेगा पडतात, तिथे पातळ चिखलात बुडवलेल्या कापडाच्या चिंध्या चिकटवतात. बोटं वेगळी घडवून जोडतात. गल्ल्या अरुंद आहेत, पण सपाट. आई हळूहळू चालू शकेल. साडी नेसवण्याचं काम चाललं असेल तर तिला तिथून हलवणं अवघड जाईल. कारागीर कामात असतात, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा आणि एखादी छोटी मूर्ती विकत घ्या.

आईसाठी दुसरी गोष्ट म्हणजे कांथा. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, पूर्वी तर दोराही साडीच्याच काठातून उसवून काढायचा. आपली गोधडी हीच. फरक असा की बंगालमधल्या बायकांनी त्या टाक्यांनी कमळं, हत्ती, पालख्या, रथ, अख्ख्या गोष्टी भरल्या. ढाकुरियाला दक्षिणापण नावाचं संकुल आहे, तिथे वेगवेगळ्या राज्यांची सरकारी एम्पोरियम एकत्र आहेत. बंगालच्या दुकानात कांथा, जामदानी, तांताच्या साड्या शांतपणे उलगडून बघता येतात. विकत घ्यायचं दडपण न घेता आईला तिथे एक दुपार द्या.

मुलीसाठी उत्तर कोलकाता हीच वही आहे. जुन्या हवेल्यांत आत चौक, चौकाच्या एका अंगाला कमानींचा ठाकुरदालान, म्हणजे घरची दुर्गापूजा बसते ती जागा. रस्त्याकडे हिरव्या फळ्यांच्या झडपांच्या खिडक्या, ऊन अडवतील पण वारा सोडतील अशा. आणि दाराबाहेर बसायला ओटा, तिथे गल्लीतल्या पुरुषांचा गप्पांचा अड्डा. तिला आधी आपला विश्रामबागवाडा दाखवून न्या. तोही चौकांचाच, 1807 च्या सुमाराचा. वाड्याचा चौक आणि तिथल्या हवेलीचा चौक यांत काय सारखं आणि काय वेगळं, हे तिचं तिलाच सापडू दे. आर्किटेक्चरच्या प्रवेशाच्या तयारीला याहून चांगलं काय!

आणि तुम्ही? जोडासांकोची ठाकुरबाडी, म्हणजे टागोरांचं घर, तुमच्यासाठी. रवींद्रनाथ 1861 मध्ये तिथेच जन्मले आणि 1941 मध्ये तिथेच गेले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि ते साताऱ्याला न्यायाधीश होते. दुसरे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी टिळकांचं 'गीतारहस्य' बंगालीत नेलं. म्हणजे तुम्ही वरेरकरांच्या हातून बंगाल वाचलात, तसं त्या घराने आपल्याला वाचलं होतं. या नात्याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. त्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच. 'बर्गी' म्हणजे आपलेच बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार, आणि बंगाली आया बाळांना निजवताना अजून त्यांची भीती घालतात. एखाद्या गप्पिष्ट बंगाली आजीला त्या अंगाईगीताबद्दल जरूर विचारा. आपल्याकडे ज्या इतिहासाचा पोवाडा होतो, तोच दुसरीकडे पाळण्यातली भीती होऊन राहतो, हे मुलीने या वयात ऐकलेलं बरं.

शरच्चंद्रांसाठी मात्र शहराबाहेर जावं लागेल. रूपनारायण नदीकाठच्या सामताबेड गावात त्यांनी शेवटची बरीच वर्षं काढली. ते दुमजली घर अजून आहे. हावड्याहून खरगपूरच्या बाजूच्या लोकलने देउल्टी स्टेशन, साधारण दीड तास, पुढे रिक्षा. त्या सकाळी आईला हॉटेलवर आराम करू द्या. मुलगी आली तर आली, नाही तर तुम्ही एकट्या जा. तिघींनी चारही दिवस एकमेकींना धरूनच फिरलं पाहिजे असं कुठे आहे? एकेका सकाळी वेगळं होऊन दुपारी जेवायला भेटण्यात जास्त बोलायला मिळतं.

आता तुमच्या यादीत नसलेलं एक शहर सांगतो, कारण केळकर संग्रहालयातल्या रविवारी कदाचित वेगळंच काही दिसेल. कोलकात्याची तुमची ओढ आता जुनी झालीय, आणि आई नि मुलगीच जास्त उत्सुक आहेत, असं तुम्हाला मनापासून वाटलं, तर अहमदाबाद बघा. लोक तिथे कामापुरतं जातात आणि परत येतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. 1411 मध्ये वसलेलं हे गाव 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. जागतिक वारसा म्हणून नोंदलेलं ते भारतातलं पहिलं शहर. तिथल्या पोळांमध्ये, म्हणजे दरवाजा असलेल्या जुन्या गल्ल्यांत, पक्ष्यांना दाणे टाकायचे कोरीव लाकडी खांब आहेत आणि घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत महापालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक असतो.

आईसाठी तिथे कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. आगाऊ नाव नोंदवल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि माणसंही मोजकीच घेतात, तेव्हा तारीख तिथली मिळाल्यावरच तिकिटं काढा. पाटणचा पटोळा तिला तिथे नीट बघू दे. पैठणीत नक्षी विणताना उतरते. पटोळ्यात उभा आणि आडवा दोन्ही धागे विणण्याआधीच गाठी मारून रंगवतात, आणि मागावर एकेक ठिपका जुळवत आणतात. एका साडीला महिनोन्महिने लागतात. मुलीसाठी साबरमती आश्रमातलं वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचं 1963 चं संग्रहालय. छोटे छोटे कौलारू चौक एकमेकांना जोडत नेलेत, कुठेही भपका नाही. जाण्यापूर्वी तिला आपल्या विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था दाखवा, तीही कोरियांचीच. ल कॉर्ब्युझिएने बांधलेली 1954 ची मिलमालक संघाची इमारतही तिथेच आहे. आणि बाळकृष्ण दोशी, ज्यांना 2018 मध्ये वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, ते जन्माने पुण्याचे आणि कर्माने अहमदाबादचे. भावी आर्किटेक्टला हे गाव वर्गासारखं उपयोगी आहे.

तरीही मी कोलकाताच पुढे ठेवतो. अहमदाबादला पुण्याहून रात्रीच्या गाडीने जाता येतं. ते पुढच्या कुठल्याही जोडून आलेल्या सुट्टीत होईल. कोलकात्याला आझाद हिंद एक्स्प्रेसने दीड दिवस मोडतो, म्हणजे चार दिवसांत विमानाशिवाय गत्यंतर नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी तो प्रवास आज होण्यासारखा आहे. लांबचं आधी उरकावं.

जयपूर सुंदर आहे, मुलीला जंतरमंतर आवडेलही; पण आमेरचा चढ, दोन किल्ले आणि भावाची यादी हे सगळं आईच्या वाट्याला येईल. म्हैसूर ज्यांना चालणं फारसं झेपत नाही अशांसाठी खरंच सोयीचं, आणि रविवारी संध्याकाळी दिव्यांनी उजळलेला राजवाडा बघण्यासारखाच. तुमच्या घरात मात्र त्याची ओढ कुणालाच दिसत नाही. या सदराच्या ज्या वाचकांना मराठ्यांच्या इतिहासाची ओढ असेल, त्यांनी तंजावर विचारात घ्यावं. 1010 चं बृहदीश्वर, त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं, एवढ्यावर तीन दिवस आनंदात जातात.

पतिराजांच्या खर्चाच्या प्रश्नाला वाद घालून उत्तर देऊ नका. आकडा लिहून दाखवा : तिकिटं, मुक्काम, रोजचं फिरणं, आणि वर थोडी शिल्लक. अकाउंट्सचं काम करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. हॉटेल थोडं महाग पडलं तरी लिफ्ट असलेलं आणि मध्यवस्तीतलं घ्या. त्याचे पैसे टॅक्सीत आणि आईच्या पायदुखीत वसूल होतात.

मुक्काम पार्क स्ट्रीट किंवा एस्प्लनेड मेट्रोच्या जवळ ठेवा. एकाच मेट्रो मार्गावर शोभाबाजार म्हणजे कुमारटुली, गिरीश पार्क म्हणजे जोडासांको, महात्मा गांधी रोड म्हणजे कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं, आणि पार्क स्ट्रीटला भारतीय संग्रहालय. 1814 मध्ये स्थापन झालेलं हे संग्रहालय अवाढव्य आहे. सगळं बघायच्या फंदात पडू नका. भारहुतच्या स्तूपाच्या लाल दगडी कठड्याचं दालन बघा, त्यावर जातककथा कोरल्या आहेत, आणि बाहेर या. दिवसाला सकाळी एक ठिकाण, चारनंतर एक. मधल्या वेळात जेवण आणि पाठ टेकणं. यात तडजोड नको, कारण आई 'मला काही होत नाही' म्हणत चालत राहील आणि रात्री गुडघ्यांना तेल लावत बसेल. हुगळीवरची लाँच तिला आवडेल, पण भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याचा उतार कमी-जास्त होतो; उतार फार असेल त्या वेळी आग्रह करू नका.

तारखा ठरवताना संक्रांतीचे दिवस टाळा. गंगासागरच्या यात्रेकरूंनी तेव्हा शहर भरलेलं असतं. जानेवारीच्या अखेरीस जमलं तर बहुधा पुस्तक मेळाही लागलेला असतो, हवा चांगली असते आणि नव्या खजुरी गुळाची 'संदेश' ही मिठाई मिळते. तेवीस आणि सव्वीस जानेवारीच्या सुट्ट्यांना काय उघडं, काय बंद, हे आधी विचारून घ्या. ठाकुरबाडी आणि भारतीय संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा परतीचं विमान सोमवारचं बघा.